खेळताना बंद पडलेले ग्राफिक्स कार्ड: दोष शोधण्यापासून बदली कार्ड मिळेपर्यंत

२०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, खेळ चालू असताना अचानक बंद पडले आणि एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात त्याच्या बदल्यात दुसरे कार्ड माझ्या हाती आले. दोष नेमका कुठे आहे हे शोधणे, तो दुसऱ्यासमोर सिद्ध करणे आणि मग वॉरंटीच्या कागदपत्रांचा पाठपुरावा करणे ही तीन स्वतंत्र कामे आहेत, हे मला या काळात एकेका टप्प्यावर कळत गेले. अशा प्रसंगात सापडलेल्या कोणाला पुढे काय वाढून ठेवले आहे याचा थोडा अंदाज यावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. कार्डाची कंपनी, दुकान आणि सर्व्हिस सेंटर यांची नावे मी देणार नाही, कारण असा अनुभव कोणत्याही कंपनीच्या कार्डाबाबत येऊ शकतो.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त नागपूरला आहे आणि शनिवारी रात्री आम्ही दोघे ऑनलाइन खेळतो. शनिवार, २२ फेब्रुवारीला खेळ सुरू होऊन साधारण अर्धा तास झाला असताना माझ्या पडद्यावर क्षणभर रंगीत चौकोन उमटले, पडदा काळा झाला आणि कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरू लागले. हेडफोनमध्ये मात्र भावाचा आवाज येत होता. “ताई, तू मध्येच का थांबलीस?” असे तो विचारत होता आणि माझे उत्तरही त्याला ऐकू जात होते. त्या वेळी धास्तीमुळे या गोष्टीचे महत्त्व मला जाणवले नाही, परंतु पुढच्या सगळ्या तपासाला दिशा याच निरीक्षणाने दिली. पडदा जाताना संपूर्ण संगणकच बंद झाला, तर पहिला संशय वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसवर घ्यावा लागतो. पडदा गेला तरी आवाज चालू असेल, तर प्रोसेसर, मेमरी आणि इंटरनेट जिवंत आहेत आणि बिघाड कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा कार्डाला जाणारी वीज यांच्यापैकी कुठेतरी आहे असे समजावे. म्हणून असे काही घडल्यास बटण दाबून संगणक बंद करण्यापूर्वी आवाज येतो आहे का, कीबोर्डवरील कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो आहे का, पंखे कसे फिरत आहेत, हे अवश्य पाहून घ्यावे.

संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा मदरबोर्डवरचा ‘व्हीजीए’ लिहिलेला, ग्राफिक्स कार्डात अडचण असल्याचे सांगणारा छोटा दिवा लागून राहिला आणि पडद्यावर काहीच आले नाही. वीज काढून थोडा वेळ तसाच ठेवल्यावर सगळे पूर्ववत सुरू झाले. इंटरनेट पाहणे, चित्रपट पाहणे, कार्यालयाची कामे, यांत काहीच अडचण येत नव्हती. खेळ सुरू केला की मात्र काही वेळाने तोच प्रकार पुन्हा होत होता. कार्ड २०२२ च्या दसऱ्याला, म्हणजे ५ ऑक्टोबरला, ३८,५०० रुपयांना घेतलेले होते. त्याआधीची दीड-दोन वर्षे चिप्सच्या टंचाईमुळे आणि आभासी चलनाच्या खाणकामामुळे, म्हणजे ते चलन मिळवण्यासाठी कार्डांवर अखंड गणिते चालवली जात असल्यामुळे, कार्डांचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धत सोडली आणि त्यानंतर बाजार थोडा निवळला, तेव्हा मी साठवलेल्या पैशांतून ते घेतले होते. त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

रविवारी सकाळी पहिले काम नोंदी पाहण्याचे केले. विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप केले, की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो आणि कोणत्या दिवशी काय कोलमडले ते तारखेनुसार दिसते. तिथे ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१’ अशी नोंद होती आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ‘डिस्प्ले’ या नावाखाली ४१०१ क्रमांकाची. या नोंदींचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे, की ग्राफिक्स कार्डाने दिलेल्या कामाला ठरावीक वेळेत, सहसा दोन सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याला पुन्हा सुरू करून पाहते. ते सावरले तर पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि ४१०१ ची नोंद होते. १४१ ची नोंद कार्डातील एखादा विभाग अडकून पडल्याचे सांगते. ही दोन सेकंदांची मर्यादा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये, वाढवावी, असा सल्ला बरेच जण देतात. मी तो घेतला नाही, कारण कार्ड अडकत असेल तर जास्त वेळ वाट पाहिल्याने ते मोकळे होत नाही आणि खरे लक्षण मात्र झाकले जाते.

याच यादीत ‘कर्नल पॉवर ४१’ ही लाल खुणेची नोंदही होती. तिच्या नावात ‘पॉवर’ असल्यामुळे अनेक जण थेट नवा एसएमपीएस विकत घेतात. प्रत्यक्षात ती नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मी बटण दाबून तो बंद केला होता, म्हणून ती उमटली होती. या एका गैरसमजापायी लोकांचे सहा-सात हजार रुपये विनाकारण खर्च होताना मी पाहिले आहेत.

त्याच दिवशी मी एक वही घेतली आणि एक नियम ठरवला, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तोच खेळ त्याच ठिकाणी तेवढाच वेळ चालवायचा आणि काय झाले ते वेळेसह लिहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड थांबला, तर कशामुळे थांबला ते कधीच कळत नाही. आज मागे वळून पाहताना मला सर्वांत जास्त उपयोग या वहीचा झाला असे वाटते, कारण पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या बाजूने बोलणारा पुरावा तोच होता.

सुरुवात ड्रायव्हरपासून केली, कारण त्याला खर्च नाही. नेहमीच्या पद्धतीने ड्रायव्हर काढला तर जुने अवशेष मागे राहतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी सुरू करून, चालवावा आणि त्याआधी इंटरनेटची वायर काढावी, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर टाकून मोकळे होते. नवा ड्रायव्हर टाकून पाहिला, मग काही महिन्यांपूर्वीचा जुना टाकून पाहिला, दोन्हींनी फरक पडला नाही. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवून संगणकाची मुख्य मेमरीही तपासली. त्यात एकही चूक निघाली नाही.

त्यानंतर तापमान. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम दर दोन सेकंदांनी सर्व सेन्सरांचे आकडे फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. पडदा काळा झाल्यावरही संगणक चालू असल्यास ती फाइल शाबूत राहते आणि बिघाडाच्या क्षणापर्यंतचे आकडे हाती येतात. माझ्या कार्डाच्या मुख्य चिपचे तापमान ७४ अंश आणि तिच्यातील सर्वांत तप्त बिंदूचे ८६ अंश होते. या दोहोंत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा मानतात. तो पंचवीस-तीस अंशांवर गेला तर चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली किंवा सरकली असण्याचा संभव असतो. माझे आकडे ठीक होते. कार्डावरच्या मेमरी चिप्सचे तापमान मात्र माझ्या कार्डात सेन्सरमधून दिसत नव्हते. काही कार्डांत ते दिसते, काहींत दिसत नाही. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून, समोर टेबल फॅन लावून पाहिले. पडदा जायला थोडा अधिक वेळ लागला, एवढेच. ही गोष्टही मी वहीत लिहून ठेवली.

मंगळवारी कार्यालयातून येताना बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, मऊ ब्रश आणि साधा मल्टिमीटर असे मिळून ७८० रुपयांचे सामान घेतले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी होती. कार्ड काढून त्याची सोनेरी संपर्कपट्टी अल्कोहोलने पुसली, स्लॉटमधली धूळ काढली आणि कार्ड पुन्हा नीट बसवले. कार्डाला आठ पिनांची दोन सॉकेट होती आणि संगणक जोडून देणाऱ्याने एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच वायरची दोन टोके त्यांत लावली होती. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट आणि आठ पिनांच्या प्रत्येक सॉकेटमधून १५० वॅट वीज घेता येते, असे प्रमाण आहे. माझे कार्ड सुमारे २०० वॅटचे असल्यामुळे एका वायरीवर ते चालत होते, तरी जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला दोन वेगळ्या वायरी देणे चांगले, म्हणून मी तसे केले. बिघाड कायम राहिला.

घरातल्या विजेची शंकाही मनात होती. सोसायटीच्या वायरमनकाकांना बोलावले. त्यांनी प्लगमधला दाब मोजला, तो २२८ व्होल्ट होता, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातला दाब दोन व्होल्टच्या आत होता. “ताई, तुमची लाइन एकदम व्यवस्थित आहे, मशीनमध्येच बघा,” असे म्हणून त्यांनी फक्त १५० रुपये घेतले. वीजफलकाशी निगडित मोजमाप ज्याला त्याची सवय आहे त्यानेच करावे, हे आवर्जून सांगते. मल्टिमीटर हातात आहे म्हणून स्वतः प्रयोग करू नयेत.

आता एसएमपीएस. आधुनिक कार्डे सरासरी २०० वॅट वीज घेत असली तरी क्षणार्धापुरती त्यांची मागणी त्याच्या दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही वर उसळू शकते. असा झटका जुन्या किंवा हलक्या एसएमपीएसला सोसेलच असे नाही. याच कारणाने २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपुरता सहन केला पाहिजे अशी अट आली. माझा एसएमपीएस त्याआधीचा, ६५० वॅटचा होता. नवा विकत घेण्याऐवजी मी चिंचवडच्या मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस होता आणि तिने रविवारी, २ मार्चला, संपूर्ण संगणक घेऊनच ये असे सांगितले. येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या होतात, त्यांच्या वायरी एकमेकांत कधीही बदलू नयेत. संगणकाच्या बाजूचे टोक सारखे असते, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असू शकते आणि चुकीच्या वायरीने हार्ड डिस्क क्षणात जळू शकते. एसएमपीएस बदलायचा तर त्याच्या सगळ्या वायरींसह बदलावा.

त्या रविवारी तिच्या घरी प्रश्नाचा निकाल लागला. तिचा एसएमपीएस माझ्या संगणकाला जोडला, तरी पडदा गेला. माझे कार्ड तिच्या संगणकात बसवले, तिथेही अर्ध्या तासाच्या आसपास तेच रंगीत चौकोन आले. तिचे कार्ड माझ्या संगणकात, माझ्याच जुन्या एसएमपीएसवर, दुपारभर बिनतक्रार चालले. बिघाड कार्डाबरोबर एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जात असेल तर दोष कार्डातच असतो, याहून भक्कम पुरावा घरगुती तपासणीत मिळत नाही. मित्रमैत्रिणींकडे अशी अदलाबदल करण्याची सोय असेल, तर माझ्या मते ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच करावी.

कार्डातील कोणता भाग, हेही शक्य तितके पाहिले. मेमटेस्ट व्हल्कन हा मोफत प्रोग्राम कार्डाच्या मेमरीत ठरावीक आकडे लिहून ते परत वाचतो आणि तफावत आली तर नोंदवतो. कार्ड थंड असताना तो निर्दोष चालला. कार्ड तापल्यावर चुका येऊ लागल्या. मेमरीचा वेग कमी करून ठेवला तर चुका उशिरा येत. यावरून एखादी मेमरी चिप किंवा तिचा सोल्डरचा टाका तापल्यावर साथ सोडत असावा, असा अंदाज आला. या चाचणीच्या पडद्याचे आणि खेळ कोलमडतानाचे मोबाइलवर चित्रण केले. चित्रणात घड्याळ आणि कार्डाचा सिरीयल नंबर दोन्ही दिसतील याची काळजी घ्यावी, नाहीतर ते नेमके कोणत्या कार्डाचे आणि कधीचे, असा प्रश्न निघू शकतो.

या काळात सल्ल्यांची कमतरता नव्हती. एका दुरुस्तीच्या दुकानात चिप गरम हवेने काढून पुन्हा बसवण्याचे साडेचार हजार सांगितले, त्यावर हमी काही नाही. कोणी कार्ड ओव्हनमध्ये तापवण्याचा सल्ला दिला. त्याने कार्ड क्वचित काही दिवस चालते, पण प्लास्टिक आणि कपॅसिटर यांची हानी होते आणि वॉरंटीही हातची जाते. कोणी जुने कार्ड घ्यायला सांगितले. खाणकामात वर्षानुवर्षे राबलेली कार्डे त्या बाजारात भरपूर असल्याने ते मला पटले नाही. “खेळण्याच्या वस्तूसाठी एवढी धावपळ कशाला?” असेही एका सहकाऱ्याने म्हटले. त्याचा हेतू वाईट नव्हता, तरी मला ते लागले. भाऊ आणि मी आठवड्यातून एकदा निवांत बोलतो ते या खेळाच्या निमित्ताने, आणि माझ्या कष्टाच्या पैशांनी घेतलेली वस्तू वॉरंटीत असताना निमूटपणे टाकून देणे मला मान्य नव्हते.

वॉरंटी तीन वर्षांची होती आणि तिचे सात महिने शिल्लक होते. कागदांमध्ये सर्वांत महत्त्वाचे बिल. त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि कार्डाचा सिरीयल नंबर असावा लागतो. बिलावरचा, खोक्यावरचा आणि प्रत्यक्ष कार्डावरचा, असे तिन्ही नंबर जुळतात का ते मी आधी घरी पाहिले. खरेदीच्या वेळी दुकानदाराला सिरीयल नंबर बिलावर छापायला किंवा हाताने लिहून शिक्का मारायला जरूर सांगावे. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी ईमेलने क्रमांक आणि पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता आला.

मंगळवार, ४ मार्चला अर्धा दिवस रजा घेऊन तिथे गेले. जाण्यापूर्वी कार्डाची सर्व बाजूंनी, संपर्कपट्टीची आणि स्क्रूंवरच्या सीलची स्वच्छ प्रकाशात छायाचित्रे काढली होती, कारण वॉरंटी नाकारण्याचे एक नेहमीचे कारण ‘फिजिकल डॅमेज’ हे असते. कार्ड स्थिर विजेपासून जपणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत आणि मूळ खोक्यात घालून नेले. सोबतच्या वायरी, पट्ट्या घरीच ठेवल्या. टोकन घेऊन दीड तास बसावे लागले. खिडकीवरच्या तरुणाने कार्ड भिंगाखाली पाहून जॉबशीट, म्हणजे तक्रारीची नोंद असलेला कागद, बनवली. तिच्यात तक्रारीच्या रकान्यात ‘नो डिस्प्ले’ असे लिहिले होते. मी त्याला विनंती केली, “दादा, डिस्प्ले येतो, भार पडल्यावर अर्ध्या तासाने जातो, असं लिहाल का? आणि कार्डावर तुटफूट नाही हेही लिहा.” त्याने कुरकुर न करता दोन्ही लिहिले. जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी फार मनापासून सांगते. पुढे सगळे त्या कागदावरच्या शब्दांवर ठरते.

१० मार्चला फोन आला. “मॅडम, कार्ड चेक केलं, काही प्रॉब्लेम नाहीये. घेऊन जा.” क्षणभर माझे हातपाय गळाले. तपासणाऱ्याने कार्ड लावले असणार, डिस्प्ले आला असणार आणि दहा मिनिटांत काम संपले असणार, हे मला कळत होते. तरी सगळी मेहनत वाया गेली असे वाटल्याशिवाय राहिले नाही. दुसऱ्या दिवशी वहीतल्या नोंदींची छापील प्रत, सेन्सरच्या नोंदींची फाइल आणि चित्रणे पेन ड्राइव्हवर घेऊन गेले आणि अभियंत्यांना भेटण्याची विनंती केली. ते वयाने मोठे, शांत गृहस्थ होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला. “तुम्ही दुसऱ्या मशीनवरही लावून पाहिलंत?” असे विचारून त्यांनी माझ्यासमोर कार्ड पुन्हा जोडले आणि भाराची चाचणी लावली. पहिली पंधरा मिनिटे काही झाले नाही. त्या खोलीत वातानुकूलन होते, त्यामुळे माझ्या मनात नाही नाही ते विचार येऊ लागले. “साहेब, अजून थोडा वेळ चालू द्याल का?” असे मी म्हटले आणि त्यांनी मान हलवली. पस्तीस मिनिटांच्या सुमारास पडद्यावर रंगीत चौकोन उमटले आणि पंख्यांचा तोच आवाज आला. त्या आवाजाने मला आनंद व्हावा, हे विचित्र असले तरी खरे होते. त्यांनी जॉबशीटवर दोष मान्य केल्याची नोंद केली, स्वतःची सही केली आणि कार्ड परराज्यातील मुख्य केंद्राकडे पाठवण्यासाठी मुदत म्हणून कामाचे १५ दिवस लिहिले.

त्यानंतर वाट पाहण्याखेरीज काही करण्यासारखे नव्हते. १४ मार्चला धुलिवंदन, महिन्याच्या शेवटी पाडवा, ईद आणि आर्थिक वर्षाची अखेर, हे सगळे मधे आले. या दिवसांत माझी कामे अडली नाहीत याचे कारण प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय होती. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या मागच्या सॉकेटला लावली की भागत होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते, त्यांत ही सोय नसते. नवा संगणक घेणाऱ्याने थोडे पैसे वाचवण्यापूर्वी याचा विचार करावा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपली. फोनवर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळे आणि ईमेलला उत्तर येत नसे. दर वेळी फोन झाल्यावर मी त्याच ईमेलच्या साखळीत ‘आज अमुक वेळी आपल्या कार्यालयाशी असे बोलणे झाले’ अशी दोन ओळींची नोंद पाठवत राहिले. ७ एप्रिलला सकाळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार दिली. तेथे मराठीतही बोलता येते, शुल्क लागत नाही आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मिळतो. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. त्यानेही भागले नसते, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची माझी तयारी होती. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नसते. ही माहिती हाताशी असल्यामुळे मला बोलताना आवाज चढवावा लागला नाही.

शुक्रवारी, ११ एप्रिलला, कंपनीचा ईमेल आला. मेमरीतील दोष मान्य होता आणि ते मॉडेल आता बनत नव्हते. घसारा वजा करून २१,००० रुपये परत घ्यावेत किंवा तेवढ्याच क्षमतेचे पुढच्या पिढीतले कार्ड घ्यावे, असे दोन पर्याय होते. २१,००० रुपयांत त्या क्षमतेचे नवे कार्ड मिळत नव्हते, म्हणून मी दुसरा पर्याय निवडला. होकार देण्यापूर्वी बदली कार्ड कोणते, नवे की दुरुस्त केलेले, त्याची वॉरंटी कधीपर्यंत, त्याला किती वॅटचा एसएमपीएस लागेल आणि त्याची लांबी किती, हे सगळे लेखी विचारले. लांबीचा प्रश्न किरकोळ वाटेल, परंतु नवीन कार्डे लांब असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये समोरच्या पंख्यांना अडतात. कार्ड दुरुस्त करून तपासलेले असेल आणि वॉरंटी मूळ मुदतीपर्यंत किंवा ९० दिवस, यांपैकी जी नंतर संपेल तोपर्यंत राहील, असे उत्तर आले.

मंगळवारी, २२ एप्रिलला, ते घ्यायला गेले. खोके तिथेच उघडून संपर्कपट्टी, सॉकेट आणि पंखे पाहिले आणि सिरीयल नंबर जॉबशीटशी जुळवला. एक गोष्ट मात्र मला मागून घ्यावी लागली. बिलावर जुन्या कार्डाचा नंबर आणि हातात नव्या नंबरचे कार्ड, अशा स्थितीत पुढे काही झाले तर हे कार्ड माझे असल्याचा पुरावा उरत नाही. म्हणून जुन्या नंबरऐवजी हा नंबर दिल्याचे, तारीख आणि शिक्का असलेले पत्र मी मागितले. खिडकीवर ‘सिस्टिममध्ये असतं, पत्राची गरज नाही’ असे सांगण्यात आले, तेव्हा मी पुन्हा त्याच अभियंत्यांना विनंती केली आणि त्यांनी पाच मिनिटांत पत्र छापून दिले.

घरी आल्यावर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये काढला, नवा टाकला आणि वहीतल्या त्याच चाचण्या त्याच क्रमाने घेतल्या. मेमटेस्ट व्हल्कन दोन तास निर्दोष चालला. एप्रिलच्या उकाड्यात, पंखा बंद करून, खोलीचे तापमान ३४ अंश असतानाही तप्त बिंदू ८१ अंशांच्या वर गेला नाही. मल्टिमीटरसकट सामान, वायरमनकाका, रिक्षा, पेट्रोल आणि छायाप्रती असे सगळे धरून दीड हजाराच्या आसपास खर्च आला. ते पत्र मूळ बिलाला टाचून दोन्हींची छायाचित्रे भावाला आणि स्वतःला ईमेल केली आहेत. वॉरंटी ४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी याच चाचण्या पुन्हा घेण्याची आठवण तेव्हाच मोबाइलमध्ये लावली. काही निघालेच, तर महिनाभर हाताशी असावा.